पास्कूमामांच्या अंगणातलं इंजिन

"इंजिन घेऊन जा," पास्कूमामा म्हणाले, "पण धुवायचं हितंच. माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर."

मी पायरीखाली चपला काढून उभा होतो. आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. नऊ वर्षं मी त्या घरासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवत आलो होतो.

"चालंल," मी म्हटलं.

"आनि घाई करायची न्हाई. बोल्ट नि बोल्ट पुसून जाग्याला लागला पायजे."

"दिवाळीची सुट्टी संपून पुढल्या सोमवारी शाळा भरती, मामा. अकरा दिवस ऱ्हायल्यात."

"अकरा दिवसांत मानसं घर बांधत्यात," म्हणत ते आत निघून गेले.

त्यांची बायको, कात्रीनमावशी, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तो माझ्या हातात न देता तिनं पायरीवर ठेवला. मी उचलून प्यायलो.

ही अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. आजऱ्याकडच्या डोंगरात देऊळखोंड नावाचं आमचं गाव. त्याची वरची वाडी आमची, गावड्यांची. खालच्या वाडीत बारदेस्करांची चार-पाच ख्रिस्ती घरं. वरच्या वाडीला एसटी येत नसे. हायस्कूल चौदा किलोमीटर लांब, मध्ये घाट. मुलं कशीतरी मामाच्या गावी, आत्याच्या गावी राहून शिकायची. मुली सातवीनंतर घरी बसायच्या.

ते बदललं माझ्या थोरल्या बहिणीनं. हौसाक्का बालवाडीत शिकवायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं. मी जुनी जीप घेऊन वडाप, म्हणजे भाड्यानं माणसांची ने-आण, करायला लागलो तशी ती माझ्या मागं लागली. "मानसं दिवसभर ने. पण सकाळची पयली खेप नि संध्याकाळची शेवटची खेप माझ्या पोरींची." बघता बघता अकरा मुली झाल्या. त्यातल्या तिघी दहावीला होत्या.

आणि दिवाळीच्या तोंडावर भर चढणीला माझ्या जीपचं इंजिन गेलं. रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. डागडुजीला काही जागाच उरली नाही. दुसरं इंजिन बसवल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. मी आजऱ्यात, गडहिंग्लजला, पार निपाणीपर्यंत शोधलं. त्या बनावटीचं धड इंजिन मिळेना. इकडे चार घरांतून निरोप आला, पोरीला आता शाळा नको. एका घरी तर पाहुणे पोरीला बघूनही गेले.

तेव्हा आक्का म्हणाली, "खालच्या वाडीत पास्कूमामांच्या खोपीत तीच जीप हुबी हाय. जाऊन इंजिन माग."

"आक्का, कुनाच्या दारात जा म्हनतीस?"

"मला ठावं हाय कुनाच्या ते," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

एकोणनव्वद सालच्या श्रावणात आक्काचे दिवस भरले होते. लग्नानंतर आठ वर्षांनी राहिलेलं पोर. कळा सुरू झाल्या तेव्हा पाऊस लागलेला होता आणि पंचक्रोशीत गाडी एकच, पास्कूमामांची. ते आले, आक्काला आणि आईला घेऊन निघाले. घाटातल्या निंबाच्या वळणावर जीप बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही. दुसरी गाडी मिळून दवाखान्यात पोहोचेपर्यंत चार तास गेले. आक्का वाचली. मूल गेलं. मुलगा होता.

मी त्या वेळी आजऱ्यात एका गॅरेजमध्ये मिस्त्री होतो. पास्कूमामांची जीप माझ्याच हाताखालून जायची. दुसऱ्या दिवशी बैल जोडून जीप घाटातून खाली आणली, तेव्हा मी वडापच्या नाक्यावर उभा होतो. आत वाकून पाहिलं. डिझेलचा काटा शून्यावर. मागच्या सीटखाली डिझेलचा कॅन, तोही रिकामा. मी काही उघडून बघितलं नाही, तपासलं नाही. चहाच्या टपरीसमोर, पंचवीस-तीस माणसांदेखत मी बोललो, "टाकीत डिझेल न्हवतं. कोरड्या टाकीवर ह्यानं माझ्या बहिणीला घाटात नेलं."

"जोती, काटा कायमचा बिघडलाय, तुलाच ठावं हाय," पास्कूमामा म्हणाले. "सकाळी दहा लिटर टाकलंय मी. म्हनून तर कॅन रिकामा हाय."

"खोटं बोलतोस!" मी म्हणालो. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला मी त्या दिवशी अरे-तुरे केलं. त्यांच्या शर्टाला हात घातला. लोकांनी आवरलं. पण मिस्त्रीच सांगतोय म्हटल्यावर लोकांनी दुसरं काही ऐकलंच नाही. पास्कूच्या गाडीत बसायचं बंद झालं. महिन्याभरानं त्यांनी जीप खोपीत लावली आणि काजूच्या कारखान्यात बिया भाजायला जायला लागले.

त्या माणसाच्या अंगणात मी इंजिन धुवायला बसलो.

खोपीचा दरवाजा उघडला तेव्हा वाटलं होतं, आत नुसता गंज असेल. जीपवर ताडपत्री होती. ती ओढली तर खाली बॉनेट पुसलेलं, चाकांखाली विटा लावून गाडी उचललेली. मी पुढून हँडल घालून जरा जोर लावला. इंजिन सहज फिरलं. नऊ वर्षं उभ्या इंजिनाचे पिस्टन कधीच जागच्या जागी धरायला हवे होते.

"दर रविवारी चर्चात मिसाला जाऊन आलो की चार थेंब तेल सोडतो नि फिरवतो," मामा म्हणाले.

"कशासाठी? गाडी तर चालवत न्हाईसा."

"गाडीनं काय पाप केलंय?"

पहिले दोन दिवस इंजिन बाहेर काढण्यात गेले. अंगणातल्या फणसाच्या जाड फांदीला चेन कुप्पी, म्हणजे ओझं उचलायची साखळीची कप्पी, बांधली, खाली जुनी दारं टाकली आणि त्यावर इंजिन उतरवलं. तिसऱ्या दिवशी खोलायला सुरुवात केली. आधी वरचं झाकण, मग हेड, मग उलटं करून खालचा तेलाचा पॅन. पॅनमध्ये तळाला काळा चिखल बसला होता, काकवीसारखा. मामांनी तो कामटीनं खरवडून काढला, बोटांत चोळून बघितला.

"कीस न्हाई," ते म्हणाले. म्हणजे तेलात धातूचा चुरा नव्हता. आतली बेअरिंगं शाबूत होती.

त्यांना मिस्त्रीकाम येत नव्हतं, पण गाडी पोटच्या पोरासारखी माहीत होती. मी एक एक भाग सुटा करून द्यायचो. ते घमेल्यात डिझेल घेऊन तो धुवायचे, कात्रीनमावशीच्या दात घासायच्या जुन्या ब्रशानं कोपरे घासायचे, फडक्यानं पुसून पोत्यावर ओळीनं ठेवायचे. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन मी खिळ्यानं काढायला गेलो तर हात धरला. "चरा पडंल." मग त्यांनी बांबूची कामटी तासून दिली. तिनं काढायला वेळ लागला, पण खालचा ॲल्युमिनियम चरा न पडता पांढरा निघाला. बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीवर ठोकून एक, दोन, तीन ठिपके केले. आठ व्हॉल्व्ह बिस्किटाच्या खोक्याच्या झाकणाला भोकं पाडून त्यात ओळीनं खोवले. मामा व्हॉल्व्हला ‘वाल’ म्हणायचे.

बोलणं कामापुरतंच. "पाना दे." "बारा नंबर." "हे कुठलं?" चौथ्या दिवशी मावशीनं चहा माझ्या हातात दिला. पाचव्या दिवशी मामांनी विचारलं, "पोरी किती हायत म्हनालास?"

"अकरा."

"दहावीच्या?"

"तीन. त्यातल्या शेवंताला नर्स व्हायचंय."

"हुंदे की," ते म्हणाले आणि पुढचा बोल्ट उचलला.

सहाव्या दिवशी दुपारी ते जेवायला आत गेले होते. मी सावलीत बसून किरकोळ सामान बघत होतो. पाइप, नट, पट्ट्या. त्यात टाकीकडून डिझेलच्या पंपाला येणारी वीतभर लांबीची रबरी नळी होती. साफ आहे का बघावी म्हणून एका टोकाला तोंड लावून फुंकलं. वारा पलीकडे जाईना. जोर लावून फुंकलं. गालफडं दुखली, पण वारा जाईना.

कचरा अडकला असेल म्हणून ब्लेडनं नळी उभी चिरली. कचरा नव्हता. आतलं रबर सुजून फुगलं होतं, बाहेरच्या थरापासून सुटून त्याची आत घडी पडली होती आणि त्या घडीनं वाट बंद झाली होती. डिझेल न सोसणाऱ्या रबराचं असं होतं. पाण्याची नळी डिझेलला लावली तर आठ-पंधरा दिवसांत आतून सुजते.

मग नळीच्या टोकाकडे लक्ष गेलं. तिथं नळी आवळायची पट्टी नव्हती. तांब्याची तार गुंडाळून पिळलेली होती. पीळ डावीकडे होता.

मी डावखुरा आहे. माझ्या हातचा पीळ डावीकडे जातो. गॅरेजमधले सगळे त्यावरून माझी थट्टा करायचे.

सगळं आठवलं. त्या श्रावणाच्या आधी आठ-दहा दिवस मामा नळी गळते म्हणून गॅरेजला आले होते. डिझेलची नळी संपली होती. मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या नळीचा तुकडा कापला, पट्टीही नव्हती म्हणून तार पिळली. "हे चालंल न्हवं?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "पळतंय बघा वर्षभर."

आतून ताट सरकवल्याचा आवाज आला. मी नळी पटकन खिशात घातली.

मामा बाहेर आले. "काय झालं रं? त्वांड का उतरलंय?"

"ऊन लागलं."

त्या दिवशी मी लवकर उठून घरी गेलो. आक्का समोर होती, तिला काही बोललो नाही. नळी घराच्या मागं वळचणीत खोचली. मग तिथून काढून पुन्हा खिशात ठेवली. चुलीत टाकली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. हा विचार मी केला, हे लपवत नाही. इंजिन बसेल, पोरी शाळेला जातील, सगळ्यांचं भलं होईल. मेलेलं पोर तर परत येणार नव्हतं.

सातव्या दिवशी आम्ही व्हॉल्व्ह घासायला घेतले. हेडमधल्या बैठकीवर करड्या रंगाची पेस्ट लावायची, त्यावर व्हॉल्व्ह ठेवून काठीनं इकडून तिकडे फिरवायचा. घास बरोबर बसली की कडेला सगळीकडे सारखी राखाडी रेघ उमटते. मग वरून डिझेल ओतायचं. खाली थेंब उतरला नाही तर काम झालं. मी फिरवत होतो, मामा डिझेल ओतून वाकून बघत होते. चार झाले.

पाचवा हातात घेतला तेव्हा ते म्हणाले, "जोती, एक बोलू?"

"बोला की."

"तू माझ्या दारात येशील असं वाटलं न्हवतं. आलास. तुझ्या बहिनीनं धाडलं, व्हय?"

"व्हय."

त्यांनी डिझेलचं भांडं खाली ठेवलं. मग डिझेलनं माखलेले दोन्ही हात त्यांनी माझ्यासमोर जोडले. "मला माफी मागायची हाय. तिच्याकडं जायाचं धाडस झालं न्हाई, म्हनून तुझ्याकडं मागतो. त्या दिवशी मी दहा लिटर टाकल्यालं असं म्हनालो हुतो. मला खरंच तसं वाटत हुतं. पर समदे न्हाई म्हनाय लागले. तू मिस्त्री, तू न्हाई म्हनालास. मग मलाच कळंना झालं. आदल्या दिवशी टाकलं का त्या दिवशी? का टाकलंच न्हाई? कितीदा आठवून बघितलं. आता तर मला कॅन हातात घेतल्यालाबी दिसत न्हाई."

"मामा..."

"ऐक. ह्या नऊ वर्षांत त्या टाकीचं झाकान मी एकदाबी उघडलं न्हाई. रोज मनात यायचं, उघडून बघावं. पर आत डिझेल नसलं तर? मग मी काय करायचं?" त्यांनी डोळे खांद्याला पुसले. "तुमच्या घरचं पोर माझ्यामुळं गेलं. माफ करा मला."

मी हातातली काठी खाली ठेवली. खिशातून नळी काढून मी त्यांच्यासमोर पोत्यावर ठेवली.

"ही काय?"

"तुमच्या पंपाची नळी. आतनं बंद झाल्या. काल सापडली." मी चिरलेली बाजू वर केली. "ही पाण्याची नळी हाय, मामा. डिझेलला लावायची न्हवती. ती मी लावली. ही तार बघा. माझ्या हातचा पीळ हाय. गाडी डिझेल संपून बंद पडली न्हाई. ह्या नळीनं बंद पडली."

त्यांनी नळी उचलली. चिरलेले दोन्ही भाग अंगठ्यांनी फाकवून बघितले. तारेवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता ते ओरडतील, हातातला पाना फेकतील. ते उठले आणि खोपीकडे गेले. मी मागं गेलो. त्यांनी कुडाची एक काठी ओढून काढली, जीपच्या मागं गेले, टाकीच्या झाकणावर हात ठेवला. तिथंच थांबले. मग एकदम झाकण फिरवलं. ते घट्ट बसलं होतं; दोन्ही हात लावून फिरवावं लागलं.

काठी आत घातली, बाहेर काढली. वीतभर काळी, ओली, कुबट वासाची. नऊ वर्षांपूर्वीचं डिझेल तिच्यावरून ओघळून त्यांच्या मनगटावर आलं.

"कात्रीन!" ते ओरडले. "कात्रीन, भायर ये! दहा लिटर टाकल्यालं मी! टाकल्यालं हुतं!"

मावशी धावत आली. ती काठी त्यांनी तिच्यासमोर धरली. तिला काय झालंय ते क्षणभर कळेना. मग कळलं आणि तिनं पदर तोंडात धरला. मामा मडगार्डला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी दारात उभा होतो.

बऱ्याच वेळानं त्यांनी वर बघितलं. "नऊ वर्सं, जोती," ते म्हणाले. "जा तू आता. जा हितनं."

मी गेलो.

घरी आक्का अंगणात वाळवण गोळा करत होती. मी तिला तिथंच, उभ्यानं सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा बघवेना.

"माझं पोर तुझ्या हातनं गेलं म्हन की," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"नि तू त्या मानसाच्या गळ्याला हात घातलास."

"व्हय."

तिनं उरलेलं वाळवण सुपात ओढलं. मग म्हणाली, "तुझ्यावर रागावू का काय करू, मला आज कळंना झालंय. ते माझं मी बघंन. पर तुला एक ठावं हाय का? त्या पावसात त्यांनी मला पाठीवर घेतल्यालं. निंबाच्या वळनापास्नं खालच्या नाक्यापतुर, दोन मैल. आई मागनं छत्री धरून पळत हुती. दोनदा पडले, पर मला खाली टेकू दिलं न्हाई. घरी आल्यावर मी सांगाय गेले तर तुम्ही कुनी ऐकून घेतलं न्हाईसा. बाळंतिनीनं बोलू नगं म्हनलासा."

मला खरंच आठवत नव्हतं. पण तसं म्हटलं असणार.

"जिथं बोलला हुतास, तिथं जाऊन बोल," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, बाजाराचा दिवस. सकाळी दहाला नाका भरलेला असतो. मी टपरीसमोर जाऊन उभा राहिलो. कुणी थांबून ऐकावं असा मी काही पुढारी नव्हतो, म्हणून मोठ्यानं बोललो. पास्कू बारदेस्करांच्या गाडीत त्या दिवशी डिझेल होतं. चूक माझी होती. चुकीची नळी मी लावली होती आणि न तपासता त्यांच्यावर आळ घेतला. नळी मी हातात धरून दाखवली.

काही जण चहा पीतच राहिले. एक ड्रायव्हर म्हणाला, "आता सांगून काय उपेग?" दुसऱ्या एकानं नळी हातात घेऊन निरखली आणि "च्या मायला," एवढंच म्हणाला. टपरीवाले म्हातारे दाजिबा नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीही तिथंच होते. ते गल्ल्यावरून उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमीबी हुतो की रं हितं. आमीबी कुनी झाकान उघडून बघितलं न्हाई."

घरी आलो तर आक्का नव्हती. सकाळीच खालच्या वाडीला गेली, शेजारीण म्हणाली. ती दुपारी परतली. तिथं दोघांत काय बोलणं झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिचे डोळे सुजलेले होते, पण चालणं हलकं वाटलं. माठातलं पाणी पिऊन ती म्हणाली, "मामा वाट बघत्यात. चार वाल घासून चार तसंच सोडून आलास म्हनं. असलं अर्धंमुर्धं काम चालत न्हाई म्हनले."

मी पळतच खाली गेलो.

पास्कूमामा पोत्यावर बसले होते, समोर पाचवा व्हॉल्व्ह. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काठी माझ्या हातात दिली. "धर. तीन दिवस ऱ्हायल्यात." नंतर पुष्कळ वेळानं, मान खाली घालूनच म्हणाले, "माफ केलं असं मी म्हनलेलं न्हाई अजून. हुईल तवा सांगंन."

"बरं, मामा."

"दाजिबा येऊन गेला घरी. नऊ वर्सांनी." ते हसले. हसल्यावर त्यांचा एक दात पडलेला दिसला. तो कधी पडला मला माहीत नव्हतं.

मग मात्र त्या अंगणात नुसती लगबग होती. आठही व्हॉल्व्ह बसले, एकातूनही थेंब उतरला नाही. मावशीनं पिस्टनच्या रिंगा पुसल्या. गॅस्केट बसवायच्या आधी ब्लॉकचा माथा मी तेलदगडानं घासला आणि मामांनी त्यावर सरळ पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहिलं. क्रँकला तेल लावून टोप्या ठिपक्यांप्रमाणे चढवल्या. शनिवारी दाजिबांच्या मुलानं बैलगाडी आणली आणि इंजिन वरच्या वाडीला आलं. आमच्या दारातल्या आंब्याला पुन्हा चेन कुप्पी बांधली. मुली गोळा झाल्या होत्या. शेवंतानं कंदील पुसावा तशी नवी डिझेलची नळी पुसून माझ्या हातात दिली. ती मी आजऱ्याहून मुद्दाम आणलेली, कंपनीच्या पट्ट्यांसकट. एक पट्टी मी आवळली, दुसरी मामांनी. नंतर दोघांनी एकमेकांची तपासली.

रविवारी दुपारी किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसती घरघर. पाइपमधली हवा काढली. दुसऱ्यांदा धुराचा एक काळा लोट आला, इंजिन खोकलं आणि धरलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मामा बॉनेटवर हात ठेवून ऐकत होते, डॉक्टर छातीवर हात ठेवून ऐकतो तसे.

सोमवारी पहाटे ते अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले. सोडायला मावशीही आली होती. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसणार तेवढ्यात आक्का म्हणाली, "तू मागं बस."

मामा मागं सरकले. "ताई, नगं. नऊ वर्सं स्टेअरिंगला हात लावला न्हाई."

"मला ठावं हाय. बसा."

अकरा मुलींमध्ये मी कसाबसा अंग चोरून बसलो. आक्का पुढं, त्यांच्या शेजारी. घाटात ते जपून चालले. प्रत्येक वळणावर गिअर टाकताना त्यांचा खांदा ताठ व्हायचा आणि वळण गेलं की सैल पडायचा. मुली गाणी म्हणत होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

हायस्कूलच्या फाटकाशी गाडी थांबली. मुली दप्तरं सावरत उतरल्या, शेवंतानं "येते, मामा" म्हणून हात केला. घंटा झाली, अंगण रिकामं झालं. तरी मामांनी इंजिन बंद केलं नाही. पाय हलकेच ॲक्सिलरेटरवर ठेवून ते बसून राहिले.

"मामा, बंद करा की," मी मागून म्हणालो. "परतीच्या पाशिंजरांना अर्धा तास हाय."

"ऱ्हाऊ दे जरा चालू."

मला कळलं. आक्काला माझ्या आधीच कळलं होतं. ती समोर बघत म्हणाली, "करा बंद, मामा. हुईल परत चालू."

त्यांनी हात पुढं केला. बंद करायची मूठ ओढली. इंजिन एकदा हललं आणि थांबलं. शाळेतल्या प्रार्थनेचा आवाज ऐकू यायला लागला. मामांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. एक मिनिट गेलं असेल, जास्तही असेल.

"बघू?" त्यांनी विचारलं.

"बघा," आक्का म्हणाली.

किल्ली फिरली. इंजिनानं पहिल्याच झटक्याला धरलं. त्यांनी ते पुन्हा बंद केलं. पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा बंद करून चौथ्यांदा सुरू केलं तेव्हा शाळेचा शिपाई फाटकातून डोकावला.

"काय हो, गाडी बिघडली काय?"

"न्हाई, न्हाई," पास्कूमामा त्याला खिडकीतून मान बाहेर काढून सांगत होते. "गाडीला काय झाल्यालं न्हाई. गाडी झक्कास हाय!"